काळविटाच्या मापाची शेरवानी

आमच्या शिवारातली हरणं माणसांना फारशी भीत नसत. ती फक्त माझ्या मामांना भीत. खुरपायला बसलेल्या बायकांच्या शेजारून कळपच्या कळप चालत जाई. वाटेनं बैलगाडी खडखडत आली तरी हरणं मान वर करून बघत आणि पुन्हा हरभऱ्याचे घाटे खायला लागत. पण मामा बांधावर दिसले, की एखादी मादी उंच उडी घेई आणि सगळा कळप डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच दिसेनासा होई. मामींचं म्हणणं, हरणांना माणसं कळतात. मामांच्या मते मात्र दोष माणसाचा नव्हता, कापडाचा होता.

हे सगळं निजामी अमलातलं, दुसरी लढाई चालू होती त्या दिवसांतलं. मामांचं गाव कळंबपासून गाडीवाटेनं सकाळभराच्या अंतरावर. जमीन काळी, सपाट आणि उघडी. झाड बघायचं तर विहिरीवर नाहीतर ओढ्याला. डोंगरातल्या शिकाऱ्याला निदान झुडूप मिळतं, धोंडा मिळतो. आमच्याकडं लपायचं तर अंगावरच्या कपड्यामागंच. त्यामुळं कोणता कपडा घालावा, हा मामांच्या आयुष्यातला मोठा प्रश्न होऊन बसला होता.

माझे आईवडील मी लहान असतानाच पटकीच्या साथीत गेले. तेव्हापासून मामा आणि मामी हेच माझं घर. आमच्या दोन्ही घराण्यांत माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलेलं नव्हतं. मामांनी मला कळंबच्या शाळेत घातलं, तिथून धाराशिवला बोर्डिंगात ठेवलं आणि पुढं हैदराबादला पाठवलं. मी बी.ए. झालो तेव्हा त्यांनी गावाला गूळ वाटला. मी आज जो काही आहे तो मामांमुळं आहे. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं ते वाचकांना रांगताना दिसणार आहेत.

बी.ए. झाल्यावर नोकरी समोरून चालत येईल असं गावाला वाटत होतं. मलाही वाटत होतं. ती आली नाही. बरेच अर्ज करून झाल्यावर जिल्ह्याच्या शिक्षणखात्याच्या मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं. त्यांना मोहतमीमसाहेब म्हणत. मिडल शाळेत मास्तराची एक जागा रिकामी होती. साहेबांनी पसंत केलं तर ती माझी, नाहीतर मी औतामागं. माझी औताला हरकत नव्हती, मामांची होती. औत धरायला गावात माणसं पुष्कळ आहेत, बी.ए. एकच आहे, असं ते चावडीत बसून सांगत.

त्यातच कळंबच्या बाजारात एका आडत्यानं मामांच्या कानाला लागून सांगितलं, की मोहतमीमसाहेब शिकारीच्या मटणावर जीव टाकतात. झालं. माझी पदवी आणि हरणाची तंगडी, दोन्ही बरोबरच साहेबांच्या दारात गेली पाहिजेत, असं मामांनी ठरवून टाकलं.

मामांकडं ठासणीची बंदूक होती. पिकाच्या राखणीसाठी तिचा परवाना मिळालेला होता. तोवर तिनं एक रांजण फोडला होता, तोही शेजाऱ्याचा. पण मामा बंदुकीला दोष देत नसत. हरीण टप्प्यात आलंच नाही तर बंदूक तरी काय करील, असं ते म्हणत आणि बोलणं पुन्हा कापडावर आणत.

रोजचं धोतर आणि तांबडा पटका तर बादच झालेला होता. पटक्याचा रंग लांबून दिसतो म्हणून मामा एकदा बोडकेच गेले, तर उन्हात त्यांचं टक्कल असं चमकलं की हरणांच्या आधी पलीकडच्या शिवारातला माणूस हाक मारायला लागला. मग त्यांनी घोंगडं पांघरलं. काळ्या जमिनीवर काळं घोंगडं, आणि वर हरणांना धनगराची सवय. विचार वाईट नव्हता. पण घोंगडं ज्या धनगराकडून आणलं त्याच्या कुत्र्यानं मामांना मालक मानलं, मेंढरांनी कुत्र्याला मानलं, आणि मामा कळपाजवळ पोचले ते पाठीमागं सगळं खांड घेऊन. त्या गर्दीत गोळी घालायची तर ती कुणाला लागेल हे सांगता येत नव्हतं. मामा तसेच परत आले, आणि मेंढरंही त्यांच्याबरोबर घरापर्यंत आली.

त्यानंतर खाकी झाली. गावातला एक शिपाई लढाईवरून रजेवर आला होता. त्याचा कोट मामांनी मागून आणला. पलटणीतले लोक खाकी घालतात ते उगाच नसणार, असा त्यांचा विचार. आमच्या काळ्या रानात त्या कोटातले मामा कडब्याच्या बुचाडासारखे दिसत होते, पण चालणाऱ्या बुचाडासारखे. त्या वर्षी सरकारी लेव्हीचं धान्य वसूल करायला खाकीतली माणसं गावोगाव हिंडत होती. खांद्यावर बंदूक घेतलेली खाकी बांधावरून येताना दिसली आणि खुरपणाऱ्या बायका खुरपी टाकून गावाकडं पळाल्या. बायका पळाल्या म्हणून हरणंही पळाली. मामा घरी आले तोवर निम्म्या गावानं आपली ज्वारी जमिनीखालच्या पेवात लोटून वर शेण सारवलं होतं. दोन दिवस गावात कुणी त्यांच्याशी धड बोललं नाही.

शेवटी मामांची नजर मामींच्या हिरव्या लुगड्यावर गेली. हरणं बायकांना भीत नाहीत, तेव्हा लुगडं नेसून खुरपणाऱ्यांच्या ओळीत, पातीत, बसलं तर काय बिघडलं, असं त्यांनी जेवताना हळूच काढून बघितलं. मामी भाकरी थापत होत्या. थापता थापताच म्हणाल्या, "देते की लुगडं. पण मग खुरपं बी घ्या अन् पात बी काढा. लुगडं नेसून नुसतं बसाया न्हाय मिळत कुणाला."

मामांनी तो विचार तिथंच सोडला आणि ते माझ्याकडं वळले.

"बीये सायब, तुमी एवढी बुकं वाचलीत. त्यात कापडाचं काय लिवलंय का न्हाय?"

मी इतिहास आणि फारसी घेऊन पास झालो होतो. हरणांचा आणि माझा संबंध ती दिसली की बघायची एवढाच. पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर ठाऊक नाही म्हणायची सवय माझी पदवीनं मोडली होती. मी बराच विचार करून म्हणालो, की प्राणी आपल्या जातीच्या प्राण्याला भीत नाही. काळवीट वरून काळं असतं आणि पोटाकडून पांढरं. एखाद्या माणसानं वर काळं आणि खाली पांढरं घातलं आणि तो हातापायांवर चालत गेला, तर लांबून तो काळवीटच वाटेल. हे मी तर्क म्हणून बोललो होतो. कुणी तसं करावं असा माझा अजिबात हेतू नव्हता.

मामा खुंटीकडं बघत होते. खुंटीला माझी शेरवानी टांगलेली होती, आणि तिच्याखाली माझा पांढरा पायजमा.

या शेरवानीबद्दल सांगायला हवं. त्या काळी साहेबापुढं उभं राहायचं तर शेरवानी लागे. धोतरात गेलेल्या माणसाला चपराशीच बाहेरून वाटेला लावी. मी पास झाल्यावर मामांनी कळंबच्या दर्जीकडून ती शिवून घेतली होती. अल्पाकाचं काळं कापड, गळ्यापर्यंत बटणं, मागं कमरेपासून खाली चीर. माप घेताना मामा दर्जीच्या शेजारी उभे राहून ऐसपैस शिवायला सांगत होते, कारण नोकरी लागली की माणसाचं अंग भरतं. दर्जीनं त्यांचं एवढं ऐकलं, की ती मला कमी आणि मामांना जास्त बसत होती. लढाईमुळं तसं कापड पुन्हा मिळायचं नाव नव्हतं. माझ्याकडं साहेबापुढं जायला हा एकच अंगरखा होता, आणि भेटीला मध्ये एकच दिवस राहिला होता.

"तुजं काय जातंय?" मामा म्हणाले. "न्याहरीपतूर परत येतो. झटकून ठिवतो खुंटीला."

ज्यानं शेरवानी दिली त्याला ती द्यायची नाही असं कसं म्हणणार? मी फक्त एवढं म्हणालो, की मामा, मला परवा तीच घालून जायचंय. ते म्हणाले, तुझ्यासाठीच चाललोय. मी शेरवानी खुंटीवरून काढून दिली.

"आवं, शिंगं बी लावा की मग," मामी म्हणाल्या. "बिनशिंगाचं काळवीट कुटं असतं?"

मामी टोमणा मारत होत्या. मामांना सल्ला वाटला. ते उठले आणि परसातून दोन बऱ्या तुराट्या निवडून घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी आणि मामी ज्वारीच्या रानातल्या माळ्यावर चढून बसलो. मामी रोजच तिथं गोफण घेऊन पाखरं राखायला बसत. मी शेरवानी राखायला बसलो होतो. पलीकडं हरभऱ्याचं उघडं रान होतं आणि त्यात मध्यभागी कळप चरत होता. कळपापासून जरा बाजूला एक काळवीट उभं होतं. पाठ कोळशासारखी काळी, पोट पांढरंशुभ्र, शिंगांना चांगला पीळ.

ओढ्याच्या बाजूनं मामा निघाले. अंगात शेरवानी, खाली पायजमा, डोक्याला काळं फडकं आणि फडक्यात खोवलेल्या दोन तुराट्या. बंदूक त्यांनी पोटाखाली दोरीनं बांधून घेतली होती. ते हातापायांवर चार पावलं जात, थांबत, तोंड खाली घालून चरल्यासारखं करत, पुन्हा चार पावलं जात. खरं सांगतो, लांबून ते वाईट दिसत नव्हते. मामी कपाळाला हात लावून बघत होत्या. काही वेळानं त्या म्हणाल्या, लग्नात एवढं झ्याक दिसले नव्हते.

आणि हरणं पळाली नाहीत. मामांना बघून त्या शिवारातली हरणं पहिल्यांदाच जागेवर थांबली होती. एक-दोन माद्यांनी मान वर केली, बघितलं आणि पुन्हा खाली घातली. माझ्या शिक्षणाचा घराला काहीतरी उपयोग झाला, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं.

माघ सरत आला होता. माघात काळविटं माजावर येतात, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. माजावरचं काळवीट रानाचा एक तुकडा आपला म्हणून धरून बसतं आणि त्यात दुसरा नर आला की त्याच्यावर शिंगं रोखून धावतं. हे मामांना ठाऊक होतं, मामींना ठाऊक होतं, मलाही ऐकून माहीत होतं. पण मामा नव्या पोशाखाच्या आनंदात होते, आणि आम्ही दोघं मामांना बघण्यात.

काळविटानं मामांना बघितलं. त्यानं मान मागं टाकली, नाक वर केलं आणि एक एक पाऊल ठाशीव टाकत ते मामांकडं चालायला लागलं. मामांना वाटलं, शिकार आपल्या पायानं येतेय. ते थांबले आणि पोटाखालची बंदूक सोडवायला लागले. दोरीची गाठ पक्की होती. काळवीट आणखी जवळ आलं आणि घशातून घुरघुरलं. मामांनी मान वर केली. त्याबरोबर डोक्यावरच्या तुराट्याही वर झाल्या. काळविटाच्या जातीत याचा जो काही अर्थ होत असेल तो चांगला नसावा, कारण त्यानं लगेच मुंडकं खाली घातलं.

"उठा," मामी माळ्यावरून ओरडल्या. "दोन पायावर उठा."

मामा दोन पायांवर उठले असते तर काळवीट पळून गेलं असतं असं मला आजही वाटतं. पण ते चार पायांवरच मागं वळले आणि तसेच पळायला लागले. मी त्यांना कधी इतक्या वेगानं चालताना पाहिलं नव्हतं, दोन पायांवरसुद्धा. काळविटानं त्यांना मागून गाठलं. एक शिंग शेरवानीच्या चिरेत शिरलं आणि काळविटानं मान झटकली. अल्पाका फाटल्याचा आवाज माळ्यापर्यंत आला.

तेवढ्यात मामींनी गोफण फिरवली. दगड काळविटाच्या पुढ्यातच आदळून माती उडाली. ते दचकलं, वळलं आणि कळपाला घेऊन उड्या मारत निघून गेलं. त्याच्या शिंगावर माझ्या शेरवानीची विताएवढी रुंद पट्टी फडफडत होती.

आम्ही धावत गेलो. मामा मातीत पालथे पडले होते. पाठीला एक ओरखडा, बाकी माणूस धड. शेरवानी मात्र खालच्या चिरेपासून थेट दोन्ही खांद्यांच्या मध्यापर्यंत उघडी, आणि मधला तुकडा पसार. मी शेरवानीकडं बघत होतो. मामा माझ्याकडं बघत होते.

"त्यानं वळखलं न्हाय तुमाला म्हणून मारलं," मामी त्यांची माती झटकत म्हणाल्या. "वळखलं असतं तर ह्या खेपेला बी पळूनच गेलं असतं."

म्हणजे पोशाख पास झाला होता. एवढीच काय ती माझ्या तर्काची जमेची बाजू.

त्या दिवशी मामा जेवले नाहीत. ओसरीवर भिंतीकडं तोंड करून बसून राहिले. गावातला जो येई तो शिंगावर फडकं मिरवणाऱ्या काळविटाची बातमी घेऊन येई. एकानं तर सांगितलं, की आता आपल्या शिवारात दोन बी.ए. झाले. एरवी मामांनी त्याला दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी त्यांनी नुसतं ऐकून घेतलं. मला शेरवानीपेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटायला लागली. मी जवळ जाऊन म्हणालो, की मामा, साहेब शेरवानीला थोडीच नोकरी देणार आहेत. ते म्हणाले, "बिनशेरवानीचं आत तरी घेतील का?" घेणार नाहीत, हे मलाही ठाऊक होतं.

मामींनी तोवर मामांची जुनी छत्री उसवली होती. घरात दुसरं काळं कापडच नव्हतं. त्यांनी छत्रीच्या कापडाचा तुकडा पाठीला लावून बारीक टाके घातले. पुढून बघावं तर शेरवानी जशीच्या तशी, पण मागून मधोमध एक वेगळ्याच जातीचा काळा पट्टा, आणि तो उजेडात चकचकत होता. दुसरा उपाय नव्हता. मामी मला निघताना म्हणाल्या, "पाठ दावू नगंस, म्हंजी झालं."

धाराशिवच्या त्या कचेरीच्या व्हरांड्यात मी खांबाला पाठ लावून उभा राहिलो. बसायला बाक होता, पण बाकाच्या मागं खिडकी होती. माझ्या आधीचा उमेदवार चांगल्या घरचा दिसत होता. त्याची शेरवानी अंगाला चिकटून बसली होती, पुढूनही आणि मागूनही. तो आत गेला, थोड्या वेळानं खाडखाड बूट वाजवत बाहेर आला आणि माझ्याकडं न बघता निघून गेला. मला हेवा वाटला तो त्याच्या चालण्याचा नाही, त्याच्या पाठीचा.

वाट बघता बघता मी चपराशाला सहज विचारलं, की साहेबांना शिकारीचं मटण फार आवडतं म्हणे. म्हातारा चपराशी म्हणाला, की साहेबांच्या तोंडात एकही दात नाही, ते दोन वर्षं झाली खिचडीवर आहेत. हे ऐकून मला मामांची फार दया आली. आणि माझीही.

मला आत बोलावलं. साहेब वयस्कर, पांढऱ्या दाढीचे, आवाजानं मऊ. मी वाकून आदाब केला. त्यांनी कुठला, काय शिकलास, फारसीत काय वाचलंस, असं विचारलं. माझं उर्दू त्यांना समजलं आणि त्यांचं मला. सगळं बरं चाललं होतं. मग त्यांनी माझ्या मागच्या भिंतीकडं बोट केलं. तिथं सरकारचा मोठा नकाशा टांगलेला होता.

"नक़्शे में परंडा दिखाइए," साहेब म्हणाले.

वर्गात शिकवणाऱ्या मास्तराला नकाशा वाचता येतो की नाही एवढंच त्यांना बघायचं असणार. मला परंडा चांगलं ठाऊक होतं. पण नकाशाकडं तोंड केलं की साहेबांकडं पाठ होणार, आणि पाठीवर खिडकीतलं ऊन पडणार. मग साहेबांच्या डोळ्यांना डोळे लावून एक एक पाऊल मागं सरकत गेलो. खांदे भिंतीला टेकल्यावर उजवा हात मागं नेला आणि जिथं परंडा असावं असं वाटलं तिथं बोट ठेवलं. मान वळवायचीसुद्धा माझी छाती झाली नाही. बोट कुठं टेकलं ते मला आजही माहीत नाही. कदाचित ते सोलापुरात असेल, म्हणजे निजामाच्या राज्याबाहेर.

साहेबांचा चष्मा मेजावर काढून ठेवलेला होता. त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, की नकाशाकडं बघून गाव दाखवणारे पुष्कळ पाहिले, न बघता दाखवणारा पहिलाच. त्यांनी मला जायला सांगितलं.

आता दार. दारापर्यंतचं अंतर फार नव्हतं, पण ते मला उलट्या पावलांनी जायचं होतं. मी वाकलो, सलाम केला, एक पाऊल मागं गेलो. पुन्हा सलाम, पुन्हा पाऊल. थांबलो की चमत्कारिक दिसेल म्हणून मी सलाम करतच राहिलो. मध्ये एक तिवई लागली, तिला मी पायानं चाचपून वळसा घातला. दारात चपराशी पानदान घेऊन येत होता, त्याच्यावर जाऊन आदळलो, तरी तोंड साहेबांकडंच. चौकट ओलांडली आणि मग मी श्वास घेतला.

आतून साहेबांचा आवाज आला. ते कारकुनाला सांगत होते, की ही बादशाही दरबारातली रीत आता हैदराबादेतही उरली नाही. मोठ्यांपुढून पाठ फिरवून जायचं नसतं, हे आजकालच्या पोरांना कोण शिकवतं? मघाचा तो मुलगा कसा टाच फिरवून गेला. आणि हा खेड्यातला, पण काय तहजीब!

चपराशी माझ्या मागंच उभा होता. त्यानं सगळं बघितलं होतं. तो वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "मियाँ, पीठ पे छत्री लगाको आए. बारिश है क्या?"

मी त्याला हात जोडले. त्यानं मान डोलावली आणि पानदान घेऊन आत गेला. आत त्यानं काही सांगितलं नाही. त्या माणसाचेही माझ्यावर उपकार आहेत.

नेमणुकीचा हुकूम महिन्याभरात आला. परंड्याच्याच शाळेवर. मामांनी तो मला तीनदा वाचायला लावला. मी कचेरीत काय घडलं ते सगळं सांगितल्यावर ते एकदम ताठ होऊन म्हणाले, की म्हणजे शेरवानी फाटली नसती तर तू पाठ फिरवून आला असतास आणि नोकरी त्या दुसऱ्याला गेली असती. यात चूक काढायला जागा नव्हती. मामी म्हणाल्या, मग नोकरीचा गूळ त्या काळविटाला पण पाठवा. मामांनी चावडीत जाऊन ती हकिकत आपल्या पद्धतीनं सांगितली. तिच्यात काळवीट होतं, साहेब होते, पण रांगणं नव्हतं.

परंड्याला मी रुजू झालो, पुढं नवी शेरवानी शिवली, तिची पाठ अखंड होती. पण त्याचा काही उपयोग नव्हता. साहेब दरवर्षी शाळा तपासायला येत आणि मला बोलावून हेडमास्तरांना सांगत, की बघा हे कसे जातात, याला तहजीब म्हणतात. मग मी सलाम करत उलटा जाई, आणि माझ्यामागून सगळे मास्तर तसेच जात. आमचे हेडमास्तर वयानं मोठे आणि अंगानं जाड होते. ते एकदा असेच उलटे जाताना पाण्याच्या माठात बसले. त्यानंतर ते माझ्याशी कधी मोकळेपणानं बोलले नाहीत. नोकरी ज्या चालीवर लागली होती ती चाल सोडायची माझी मात्र हिंमत नव्हती. पायांनाही ती आता पाठ झाली होती.

पुढं निजामी गेली. ते साहेब कुठं गेले ते कळलं नाही. नवे अधिकारी आले, कोट-पँटमधले, घाईतले, मराठी बोलणारे. पहिल्याच तपासणीला नव्या साहेबांनी हेडमास्तरांना शेजारी बसवून मला आत बोलावलं, चार प्रश्न विचारले आणि ठीक आहे म्हणाले. मी वाकलो आणि मागं सरकायला लागलो. टेबल, खुर्ची, दार. मी बाहेर पडलो तरी ते पेन हातात धरून माझ्याकडंच बघत होते.

मग त्यांनी हेडमास्तरांना काळजीनं विचारलं, "या मास्तरांच्या कमरेला काही झालंय का?"

हेडमास्तर म्हणाले, "न्हाय साहेब. त्यांची तहजीब हाय. औषध न्हाय तिला."